पुसलेली फुली

दि. ९ जानेवारी १९६१, सोमवार. दिवसभर स्वच्छ ऊन. संध्याकाळपासून उत्तरेचा वारा, रात्री दव.

जेवणं झाल्यावर भिलाईच्या कॅम्पातल्या आमच्या खोल्यांच्या ओळीसमोर शेगडी पेटवून सहाजण बसलो होतो. लेथवर काम करणाऱ्या देवीदास टर्नरनं सहज सांगितलं, की ठेकेदाराच्या एका माणसानं त्याला पिस्तूल आणून दिलंय. त्यात जास्त जोराची गोळी चालावी म्हणून नळी बदलून द्यायची आहे.

आमच्यात सर्वांत वडील चिंधू मिस्त्री. ते शेगडीवरचे हात मागे घेत म्हणाले, "त्याले हात नको लावू."

"कावून, काकाजी? भूत हाय का त्याच्यात?"

"हाय."

"मंग कोनत्या शिफ्टमधी येते?"

सगळे हसले. चिंधू हसले नाहीत. "आलेलं पाह्यलं नाही मी. तुकडे मोजले," ते म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं ते असं.

१० डिसेंबर १९५८, बुधवार. भिलाई-३ च्या बाजूला एका ठेकेदाराचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. केवलराम तिथं लेथवर होता. भंडाऱ्याकडचा माणूस, राहायला चिंधूंच्या शेजारी; त्या रात्रीचं त्यानंच पुढे चिंधूंना सांगितलं. संध्याकाळी मुकादम बाबुलाल त्याच्याकडे जुनं विलायती पिस्तूल, वेगळी नळी आणि लष्करी गोळ्यांचा डबा घेऊन आला. पिस्तुलाच्या मूळ गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. ही नळी त्यात बसवायची. सकाळी पाहिजे.

केवलरामनं जुनी आणि नवी गोळी शेजारी ठेवून पाहिली.

"साहेब, नळी सोसन. पन मागचा ठोकळा अन् स्प्रिंग जुन्या गोळीच्या जोराची हाय. हिचा दाब ज्यादा. लोखंड एक डाव सोसन, दोन डाव सोसन, मंग फाटन. तुमच्याच तोंडावर येईन."

"मिस्त्री है, मिस्त्री रह. इंजीनियर मत बन."

"मी नाही करत हे काम."

बाबुलालनं सावकाश बिडी पेटवली. "हुक पर का निशान किसने पोंछा था रे, केवल्या?"

"तुमीच सांगतलं होतं."

"मैंने मुँह से कहा. हाथ तो तेरा था. थाने में हाथ ही देखेंगे."

हुकाची गोष्ट वीस दिवसांपूर्वीची. क्रेनच्या हुकाला चीर दिसली म्हणून चेकर दौलतराव त्यावर पिवळ्या खडूनं फुली मारून गेले होते. फुली असली की ती वस्तू वापरायची नाही, असा तिथला नियम. बाबुलालला घाई होती. केवलरामनं फुली पुसली. दुपारी हुक तुटला, तेव्हा खाली दौलतरावच उभे होते. ते जागीच गेले. वर कागदावर चूकही त्यांच्याच नावानं लागली. तपासणी केली नाही, म्हणून.

केवलरामनं पिस्तूल ठेवून घेतलं.

रात्री साडेअकराला बाकीचे गेले. त्यानं आतून कडी लावली. दिवा एकच, लेथवरचा. पिस्तुलाभोवतीचं फडकं सोडलं, तर मागच्या ठोकळ्यावर पिवळी फुली. बाबुलालचा चावटपणा असेल, असं त्याला वाटलं. पुसली.

नळी लेथच्या फिरत्या पकडीत, चकात, धरली, माप घेतलं, पहिला कीस काढला. वळून पाहिलं.

फुली होती.

दार एकच. कडी तशीच. त्यानं ती पुन्हा पुसली, बोट दुखेपर्यंत. लेथ सुरू केलं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं.

नळी इतक्या वेगानं फिरत होती, की नुसती चकाकी दिसत होती. त्या चकाकीवर फुली होती. नळी फिरत होती. फुली फिरत नव्हती.

त्यानं बटण दाबलं. चक थांबला. नळीवर काही नाही.

मग मागे आवाज आला. लोखंडावर खडू ओढल्याचा... एकदा तिरपा. एकदा उलट तिरपा.

तो वळला नाही.

"पूस."

आवाज दौलतरावांचा होता.

"दौलतराव... माह्या मनात काही..."

"पूस न. तुले सवय हाय."

"मले माफ..."

"माफी कोनं मांगतली? पूस."

खडू थांबला. मागे कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता.

त्यानं न बघता उजवा हात मागे नेला... ठोकळा सापडला... पुसला.

चार वाजता काम पुरं झालं.

सकाळी सहा वीसला चिंधू ड्यूटीवर जाताना वर्कशॉपच्या मागे थांबले. बाबुलालनं मातीच्या ढिगावर पहिली गोळी झाडली. दुसरी झाडली. काहीच झालं नाही.

"कहाँ फटा, इंजीनियर साहब?"

केवलराम पुढे धावला. उजवा हात समोर धरून ओरडला, "बस करा! फाटन!"

"हट बे!"

तिसरी गोळी.

बाबुलालचा उजवा अंगठा आणि उजवा डोळा गेला. पंचनाम्याला चिंधू पंच होते. मातीतून वेचून आठ तुकडे कागदावर मांडले. एक तर नखाएवढा. आठही तुकड्यांवर पिवळ्या खडूची फुली होती. तुटलेली नाही. प्रत्येकावर वेगळी, अख्खी.

नववा तुकडा दवाखान्यात अकरा वाजता केवलरामच्या उजव्या तळव्यातून काढला. तुकडा रक्तानं भिजला होता. वरची फुली कोरडी होती.

एवढं सांगून चिंधू उठले.

दि. १० जानेवारी, मंगळवार. धुकं. देवीदासनं सकाळी सात वाजता पिस्तूल परत केलं. काम केलं नव्हतं.