चार नंबरची रेंज

अमीरभाई शेख तुमच्यातल्या कुणाला माहीत नसतील. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या अलीकडं त्यांचं लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माझी त्यांची पंधरा वर्षांची ओळख. माणूस नमाजी, मोजकं बोलणारा, उगाच गप्पा ठोकणाऱ्यातला नाही. म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

दोन हजार चोवीस साल, मार्चची बावीस तारीख, शुक्रवार. रमजान चालू होता. रमजानातली रात्रीची तरावीहची नमाज आटोपून अमीरभाई मशिदीबाहेर चपला घालत होते, तोच फोन वाजला. द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर, बोरस्ते.

"अमीरभाई, लॅपटॉपचं वायफाय मेलं. खोल्यांच्या तापमानाची नोंद त्याच्यावरच होते. सकाळी माल निघायचाय, रात्रभराची नोंद नसली तर पार्टी हात लावणार नाही. आत्ताच या."

अमीरभाईंनी दुकान उघडून बोटाच्या पेराएवढं एक वायफायचं अडॅप्टर खिशात टाकलं आणि मोटरसायकलला किक मारली. पावणेदहाला ते गेटात होते.

काम तसं साधं. लॅपटॉपच्या आतलं कार्ड गेलं होतं. त्यांनी बाजूला अडॅप्टर खोचलं, लॅपटॉपनं ओळख दाखवली नाही. मग पेनड्राइव्हवरून त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. अडॅप्टरचा निळा दिवा लुकलुकला आणि आसपासच्या नेटवर्कची यादी आली.

दोनच नावं. वर ऑफिसचं. खाली 'पुंजा गावित'. रेंजची एकच काडी.

"हे कुणाचं, साहेब?" अमीरभाईंनी सहज विचारलं.

बोरस्ते चहा पीत होता. कप तोंडाशी गेला तो तिथंच राहिला. "असेल रस्त्यावरच्या कुणा ड्रायव्हरच्या मोबाईलचं. तुम्ही आपलं जोडा."

अमीरभाईंनी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. माल भरणारे पहाटे येणार होते. आवारात तिघंच... हे दोघं, आणि चहा करणारी गोजराबाई. ते नाव अमीरभाईंच्या मनात राहिलं.

ऑफिसच्या नेटवर्कवर लॅपटॉप जोडला. एक आणि दोन नंबरच्या खोलीचं तापमान आलं. तीनचं येईना. "रेंज पोचत नसेल. लॅपटॉप घेऊन जवळून बघतो," ते म्हणाले. बोरस्तेही उठत होता, पण नेमका मालकाचा फोन आला. मग गोजराबाई बॅटरी घेऊन सोबत निघाली.

खोल्यांपुढच्या बोळात शिरल्यावर ती हळूच म्हणाली, "भाऊ, मघाशी तुमी पुंजाचं नाव घेतलं का?"

"तुम्ही ओळखता, मावशी?"

"लोडिंगला व्हता. सुरगाण्याकडचा. लय गरीब सभावाचा. गेल्या साली ह्याच महिन्यात... रातच्याला कामावर व्हता, सकाळी नाय. साहेब म्हणले, गावाकडं गेला. त्याची बायको, भागीबाई, दोनदा गेटावर येऊन गेली. तो घरी पोचलाच नाय म्हणे."

"फोन?"

"बंद. तवापासनं बंदच हाय."

अमीरभाईंनी लॅपटॉपकडं पाहिलं. पुंजा गावित. दोन काड्या.

तीन नंबरपाशी तीन काड्या. तिथलं तापमान मोजायचं यंत्र जोडलं गेलं, आकडाही आला. काम झालं होतं. परत फिरायचं. पण त्यांचे पाय पुढं गेले. बोळाच्या टोकाला चार नंबर. दाराला कुलूप.

चारही काड्या भरल्या.

"ह्यो महिनाभर बंद हाय," गोजराबाई म्हणाली. "मशिनपण बंद."

अमीरभाईंना कळेना. असल्या खोलीच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. आतल्या मोबाईलची रेंज बाहेर येत नाही. आणि आत मोबाईल आला कुठून?

"तिकडं काय काम आहे?"

मागं बोरस्ते उभा होता. कधी आला, कळलं नाही.

"साहेब, चावी द्या."

"चावी मालकाकडं असते."

अमीरभाईंनी लॅपटॉपचा पडदा त्याच्याकडं वळवला. बोरस्तेनं वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. बाकी सगळ्या चाव्या ऑफिसातल्या फळीवर टांगलेल्या असायच्या. चारची त्यानं काढली ती शर्टाच्या आतल्या खिशातून.

दार उघडलं.

महिनाभर बंद पडलेली खोली... आणि आतून असा गारठा आला की गोजराबाईनं तोंडावर पदर धरला. बॅटरी फिरवली. रिकामी फरशी. रिकाम्या भिंती. कोपरे. काही नाही. कुणी नाही.

पडद्यावरून नाव गेलं होतं.

बोरस्ते उंबऱ्याच्या अलीकडंच राहिला. आत त्यानं पाऊल टाकलं नाही... पाहिलंही नाही.

शेवटी अमीरभाईंनीच दार लोटलं. जड दार. खट्कन बसलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दहा बेचाळीस झाले होते.

नाव परत आलं. चार काड्या.

बोरस्तेनं घाईघाईनं कुलूप घातलं. अमीरभाईंनी पुन्हा उघडा म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. लॅपटॉप ऑफिसात ठेवला, नोंद चालू असल्याची खात्री केली आणि मोटरसायकल काढली.

पुढचं आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचारत बसाल. बोरस्ते सोमवारपासून कामावर आला नाही. अमीरभाईंनी गोजराबाईला घेऊन सुरगाण्याकडं भागीबाईचं घर गाठलं. तिघांनी जाऊन पोलिसांत अर्ज दिला. पोलिसांनी चार नंबरची खोली उघडून तपासली. काही सापडलं नाही. अर्ज अजून तिथंच आहे. भागीबाई दर महिन्याला विचारून येते, आणि गाडीभाडं अमीरभाई देतात. का देतात, ते मी सांगतो.

शनिवारी सकाळी माल निघण्याआधी अमीरभाईंनी परत तिथं जाऊन रात्रभराच्या नोंदीचा कागद छापून दिला. एक, दोन, तीन... तिन्ही खोल्या रात्रभर शून्याच्या आसपास. ठीक होतं सगळं. पण कागदावर आणखी एक रकाना होता. चार नंबरचा.

चारचं यंत्र ऑफिसच्या खणात पडलेलं होतं. सेल काढून ठेवलेलं. अमीरभाईंनी हातात घेऊन पाहिलं.

तो कागद त्यांनी एकदाच दाखवला मला. मी वाचला.

रकान्यातली पहिली नोंद रात्री दहा बेचाळीसची, अमीरभाईंनी दार लोटलं तेव्हाची. सदतीस अंश. धडधाकट माणसाचं अंग असतं तेवढं.

साडेअकरा... सदतीस.

एक वाजता... छत्तीस.

अडीच... चौतीस.

चार... एकतीस.

पाच वाजून दहा मिनिटं... सत्तावीस.

त्याच्याखाली रकाना कोरा आहे.