तिसरा अंगठा

बसा रे, बसा. ती बादली आधी भिंतीच्या कडेला सरकवा, नाहीतर अंधारात कोणीतरी पाय मारेल आणि घराचं आजचं पाणी गच्चीला पाजेल. सरकवली? बरं. दिव्याचं राहू दे. गोष्टीला दिवा लागत नाही.

मघापासून तुम्ही त्या नव्या नोटिशीवरून तणतणताय. माणशी इतकंच पाणी, त्याच्यावर गेलात तर जोडणी तोडू. तणतणा, खुशाल तणतणा. पण हे काही पहिल्यांदा होत नाहीये. मागच्या दुष्काळातही झालं होतं. तेव्हा ही धाकटी रांगत होती.

तलाव आटला होता, हे खरं. तळाची चिखलाची भेगाळलेली जमीन मी स्वतः पाहिली होती. जे आहे ते वाटून घ्यायला आमची ना नव्हती. पण वाटप कसं केलं, ते ऐका. प्रत्येक घराच्या नळाच्या जोडात, मीटरच्या अलीकडे, एक पितळेची चकती बसवली. नाण्याएवढी, मधोमध भोक. घरात जितकी डोकी, तितकं भोक मोठं. सहा माणसं असली तर पेन्सिल आरपार जाईल. दोनच असली तर गव्हाचा दाणा अडेल. वरून जोडाला तार आणि शिशाचं सरकारी सील. सील तुटलेलं दिसलं की नळ बंद, मग बसा बोंबलत.

माणसं काय गप्प बसतात होय! मोजणीच्या दिवशी घरोघरी पाहुण्यांचा पूर. मागच्या गल्लीतली एक आत्या एका दुपारात सात घरांत मोजली गेली. दोन ठिकाणी तर तिला चहापण मिळाला. हे पाणीखात्याच्या साहेबांच्या कानावर गेलं आणि साहेबांचं डोकं फिरलं. हुकूम सुटला. यापुढे मोजणी रात्री, न कळवता. आणि मोजलेल्या प्रत्येकाच्या अंगठ्याला जांभळी शाई. पुढच्या दाराने मोजलेला माणूस मागच्या दाराने पुन्हा यायला नको.

हे मोजायचं काम माझ्या मित्राकडे होतं. आम्ही त्याला काडी म्हणायचो. शाळेत माझ्या शेजारी बसायचा. अंगाने काडीच, पण कामात चोख. नियम म्हणजे नियम. स्वतःच्या सासूला दारात उभं करून शाई लावली होती त्याने, आणि त्यापायी आठ दिवस घरात कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं.

तर टाकीच्या रस्त्याला, कोपऱ्यावर, एका शिंप्याचं घर होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत ताई, म्हणजे त्याची मुलगी. ताई जिन्यावरून पडली तेव्हापासून कमरेखालचं अंग गेलेलं. अंथरुणात पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवसातून दोनदा अंग पुसायचं, चादर रोज धुतलेली हवी. यात हयगय झाली तर जखमा चिघळतील आणि मग माझ्या हातात काही नाही.

तीन माणसांच्या चकतीतून येणारं पाणी कसंबसं पुरायचं. नळ रात्री एकला यायचे. शिंपीकाका मशीन झाकून ठेवायचा आणि न्हाणीघरात स्टूल टाकून बसायचा. पाणी आलं की ताईच्या चादरी स्वतः धुवायचा. काकूला करू द्यायचा नाही. म्हणायचा, तू दिवसभर तिला उचलतेस, रात्र माझी.

त्या थंडीत तो त्या स्टुलावर बसल्या बसल्याच गेला. नळ चालू. बादली भरली, वाहिली, पहाटेपर्यंत पाणी रस्त्यावर. तिसऱ्या दिवशी काय यावं दारात? पाणी वाया घालवल्याची नोटीस! त्याच्याच नावाने!

हसू नका. मला आजही संताप येतो.

काकू ती नोटीस घेऊन तडक साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. सगळ्या ऑफिससमोर म्हणाली, "नळ बंद करायला ते उठले नाहीत. का नाही उठले, ते त्यांनाच विचारा." नोटीस टेबलावर ठेवली आणि आली निघून. दंड भरला नाही. वर साहेबांनी निरोप धाडला की घरातलं एक माणूस कमी झालंय, नाव कमी करून जा. तर म्हणाली, "माझ्या घरात किती माणसं आहेत ते मला माहीत आहे."

आता नियम असा होता की मोजल्याशिवाय चकती बदलता येत नाही. साहेब दात ओठ खात राहिले, आणि शेवटी त्यांनी काडीला बोलावलं. "आज रात्री त्या बाईचा सोक्षमोक्ष लाव. दोन डोकी मोजायची, दोनाची चकती घालायची आणि सकाळी मला येऊन सांगायचं."

मे महिन्यातला शेवटचा मंगळवार. रात्रीचे सव्वाअकरा. झाडाचं पान हलत नव्हतं. काडी जाताना माझ्या दाराशी थांबला. खांद्याला पिशवी, पिशवीत पाना, तार, शाईची बाटली. शर्टाच्या खिशातून चकती काढून मला दाखवली. म्हणाला, "नाना, ही बसवली तर ती पोरगी पावसाळा बघत नाही."

मी म्हटलं, "मग नको बसवूस."

"नोकरी आहे रे," म्हणाला, आणि गेला. आता पुढचं जे आहे ते त्याने मला त्याच रात्री, याच गच्चीवर सांगितलं. पाणी मागितलं नाही, बसला नाही. उभ्याउभ्याच सांगितलं.

काकूने पहिल्याच थापेला दार उघडलं. झोपेतून उठलेली वाटत नव्हती. काडी चपला काढत चाचरत म्हणाला, "काकू, मला माफ करा, पण..."

"माफी कसली मागतोस? मोजायला आलास ना? मोज." आणि तिने अंगठा पुढे केला.

त्याने शाई लावली. एक.

मागच्या खोलीत गेला. ताई जागी होती. छताकडे बघत होती. चादर पांढरीशुभ्र, साबणाचा वास. त्या दिवसांत, पोरांनो, गावात एक कपडा पांढरा राहिला नव्हता. सगळे पिवळट. हिची चादर मात्र परीटघडीची. काडीने तिचा अंगठा उचलला. दोन.

"झालं," काडी म्हणाला. खिशातल्या चकतीकडे हात गेला.

"झालं कसं?" काकू दारातून म्हणाली. "तिसरं माणूस राहिलं की."

"काकू... अहो, काका तर..."

"तू मोजायला आलायस की मला शिकवायला?"

काडी गप्प झाला. आणि गप्प झाल्यावर त्याला ऐकू आलं.

न्हाणीघरातून. सप... सप... ओला कपडा आपटल्याचा आवाज. मग पिळल्याचा. मग पाणी निथळल्याचा.

त्याने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. नळ एकला येणार होते. गावभर त्या वेळी एका नळाला थेंब नव्हता. दिवसा भरलेली बादली असेल म्हणावं, तर ती इथेच ताईच्या उशाशी झाकून ठेवलेली. काठोकाठ.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

बोलली ती ताई. छतावरची नजर न हलवता, अगदी साध्या आवाजात.

"बाबांचं अर्ध्यावर आलंय. शाई लावायची तर लावा, पण त्यांना जास्त वेळ थांबवू नका."

काडीची पाचावर धारण बसली. पळून का गेला नाहीस, मी विचारलं. म्हणाला, पाय सुटेचनात. आणि खरं सांगू, म्हणाला, इतक्या वर्षांची सवय. घरात आवाज आला, म्हणजे माणूस आहे. माणूस आहे, म्हणजे मोजायचं.

तो न्हाणीघराच्या दाराशी गेला.

दार ओढलेलं. हातभर फट. आत काळोख.

आवाज थांबला.

काडीने बाटलीचं बूच काढलं. कसाबसा एकच शब्द निघाला, रोजचा.

"अंगठा."

काही नाही...

मग फटीतून हात आला.

ओला. मनगटापर्यंत. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी बोटं, पांढरी, सुरकुतलेली. मधल्या बोटात शिंप्याचं टोपण... सुई टोचू नये म्हणून घालतात ते.

काडीने शाई लावली.

तीन.

हात मागे गेला नाही.

तो उलटा झाला. तळवा वर. आणि तसाच राहिला.

मागितल्यासारखा.

काडी थिजून उभा. त्याच्याकडे देण्यासारखं होतं काय? पिशवी... बाटली... आणि मग त्याला कळलं. त्याने खिशात हात घातला. चकती काढली. त्या तळव्यावर ठेवली.

बोटं मिटली. अंगठा वरून दाबला गेला.

हात आत गेला.

...

सप... सप... पुन्हा सुरू.

काकू तिथेच उभी होती. "किती झाली?"

"तीन," काडी म्हणाला.

"मग तेवढीच सांग. घाबरायचं काय त्यात?"

सकाळी ऑफिसात साहेबांनी विचारलं, काडीने सांगितलं, "तीन." अरे, तिसरं कोण? "मोजलेलं. शाई लावलेलं." साहेब खुर्चीतून उठले. "मेलेला माणूस मोजून आलास? किती पैसे खाल्लेस?" आणि आमचा काडी, ज्याने उभ्या नोकरीत साहेबाला उलट उत्तर दिलं नाही, तो म्हणाला, "साहेब, मेल्यावर त्याला दंड लागतो, तर मेल्यावर त्याला पाणीही लागतं. एकदा काय ते ठरवा." पिशवी टेबलावर ठेवली, पाना ठेवला, शाईची बाटली ठेवली. "मी परत त्या घरी जाणार नाही. आणि दुसऱ्या कोणाला पाठवलंत तर त्याच्या पुढ्यात आडवा पडेन."

साहेब म्हणाले, "दुसरं कोणी कशाला? उद्या सकाळी मी स्वतः जातो. बघतो कोण अडवतं."

रात्रभर काडीच्या डोळ्याला डोळा नाही. माझ्याही नाही. मी सकाळी सहालाच काकूच्या दारात जाऊन बसलो होतो. काडी आला, चहावाला आला, मागच्या गल्लीतली ती सात घरांची आत्यासुद्धा आली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. येऊ दे म्हटलं साहेबाला. आज आम्ही सगळे या घरातले.

सात वाजले, आठ वाजले. साहेब येईनात.

नऊला पाणीखात्याचा प्लंबर आला, सायकल दामटत. दम खात म्हणाला, साहेब काही येत नाहीत.

काय झालं होतं? साहेबांचा बंगला तुम्हाला ठाऊक नाही, आता पाडला तो. पुढे हिरवीगार बाग होती, ऐन दुष्काळात; गावाला पाणी रात्री एकला, बंगल्याला सकाळीही. त्या बंगल्याच्या जोडाला सील होतं, दाखवायला. आत चकती कधी बसवलीच नव्हती. प्लंबरनेच तो जोड बांधला होता, त्याला माहीत. त्या सकाळी साहेब अंगभर साबण लावून उभे राहिले, तोंड उघडलं नळाचं, आणि धार आली दोऱ्याएवढी. मग तीही तुटली. प्लंबरला बोलावणं गेलं. त्याने आधी सील पाहिलं. धडधाकट. तार गंजलेली, जुनीच, त्याच्या स्वतःच्या हातची गाठ. त्याने ती कापली, जोड उघडला.

आत चकती होती.

दोन माणसांची.

आणि बंगल्यात राहायचे किती? साहेब आणि बाईसाहेब. मोजणीत काही चूक नव्हती.

प्लंबरने ती साहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांनी उलटून पाहिली, आणि झटकून खाली टाकली. त्यानंतर ते काकूच्या रस्त्याने कधी गेले नाहीत. महिनाभरात बदली मागून घेतली. कोपऱ्यावरच्या घराची तीनाची चकती शेवटपर्यंत तशीच राहिली, पाऊस पडून सगळ्यांच्या चकत्या निघाल्या तोपर्यंत. ताईच्या जखमा भरल्या. आता ती उशीला टेकून बसते आणि गावभरच्या शर्टांना काजं करते. तुझ्या या शर्टाची पण तिनेच केलीत.

खोटं वाटतं? काडीला फोन लाव. मुलाकडे असतो आता. हवापाण्याचं सगळं बोलेल, एवढं सोडून.

आणि ही घे. हो, तीच. प्लंबरने उचलून काडीला दिली, काडीने मला. मी चिंचेने घासली, राखेने घासली, पितळ आरशासारखं झालं. तो जांभळा ठसा तेवढा गेला नाही.

मोबाइलचा उजेड पाड त्याच्यावर. अजून जवळ धर. अंगठ्याच्या रेषा दिसतात ना? आता त्या रेषांच्या मधे बघ. बारीक बारीक टिंबं आहेत, कोरी राहिलेली, जिथे शाई लागली नाही.

सुई टोचल्याच्या खुणा आहेत त्या.