टाल्टींच्या जिगेचा तिसरा भाग

सेनन टाल्टीच्या स्वयंपाकघरात यंत्र मांडायचं म्हणजे आधी सोडा ब्रेड, चहाची किटली आणि टेबलावर झोपलेलं मांजर हलवावं लागतं. मांजर सोडून सगळं हललं.

"पोस्टातली बाई आता मेलेल्यांचे निरोप पोचवायला लागली," सेनन म्हणाला. थंडी पडल्यापासून त्याचा पलंग चुलीशेजारीच होता.

"तुझ्या जिवंतपणी पोचतोय, हे काय कमी आहे?"

मिलटाउनच्या पोस्टात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर गावाकडची जुनी ध्वनिमुद्रणं माझ्या गळ्यात पडली. परवा एका पाद्र्याच्या माळ्यावर आवाज कोरलेली मेणाची नळकांडी सापडली, शंभरेक वर्षांपूर्वीची. एकाच्या डबीवर नाव होतं मर्टा टाल्टी, पायपर; भात्यावरचे पाइप्स वाजवणारा. म्हणजे सेननचा आजा.

टाल्टींची जिग, त्यांच्या घराण्याची नाचाची धून, तीन भागांची, पण तिसरा भाग मर्टाबरोबर गेला. सेनन जन्मभर दोनच वाजवत आला. तेही कसे, तर गवत कापायच्या यंत्राने त्याचं एक बोट वाकडं केलेलं. वळणावर एक सूर हमखास उशिरा यायचा. लग्नात नाचणारे लोक एक पाय उचलून त्या सुराची वाट बघायचे. माझा नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा हाच माणूस रोज संध्याकाळी येऊन, एक शब्द न बोलता, माझ्या चुलीपाशी वाजवत बसायचा. असली देणी मी विसरत नाही, आणि ती फिटतही नाहीत.

आता डॉक्टर म्हणाले होते, वसंत काही हा बघत नाही. जाण्याआधी त्याला तिसरा भाग ऐकायचा होता.

मेण दर वेळी थोडं झिजतं, म्हणून मी ते एकदाच लावून पाहिलं होतं. पहिला भाग, लांबलचक खरखर, दुसरा भाग, पुन्हा खरखर, संपलं. बुरशी लागलीय, असं जाणकारांचं मत पडलं. तरी सेननच्या कानाला काही सापडेल म्हणून मी ते घेऊन आले.

आजही तसंच. पहिला भाग संपून खरखर लागली. सेननच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना.

"बुरशी नाही ती," तो म्हणाला. "थांबलाय तो."

"कोण?"

"माझा आजा. आमच्यात असंच शिकवतात. एक भाग वाजवायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याने तो परत वाजवला की पुढचा." तो मुलीकडे वळला. "ग्रानिया, पाइप्स घे. म्हातारा कधीचा ताटकळलाय."

"बाबा, ते मेण आहे."

"मग मेणाला वाजवून दाखव."

ग्रानिया नुसत्या मोज्यांवर होती. तशीच बसली, कोपराखाली भाता बांधला. मी नक्कल उतरवायचा माइक चालू केला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

पहिला भाग आला. खरखरीत तिने तो परत वाजवला. दुसरा आला. तिने घाई केली, शेवटी चुकली.

कर्ण्यातून दुसरा भाग पुन्हा आला.

मी सुईकडे पाहिलं. ती नळकांड्याच्या काठावर होती. पुढे मेणच नव्हतं. नळकांडं फिरत होतं, सुई जागची हलत नव्हती.

ग्रानियाने या खेपेला नीट वाजवलं.

मग तिसरा भाग आला.

सेननची बोटं रजईवर चालत होती. ग्रानियाने तो भाग परत वाजवला, एकही चूक न करता. कर्णा गप्प झाला.

"उपकार झाले, आज्या," सेनन म्हणाला. मग मला, "तुझेही, डिंफना. चहा तेवढा गार केलास."

मी नळकांडं उतरवलं. ते मेणबत्तीसारखं गुळगुळीत होतं. नकलेत फक्त ग्रानियाचं वादन उतरलं होतं. आधी, मधे आणि शेवटी शांतता.

रविवारी सेनन गेला. ग्रानियाने कबरीपाशी तिन्ही भाग वाजवले आणि नंतर ती नक्कल ऐकायला माझ्याकडे आली.

तिचं वादन संपलं. पुढे जिथे आधी शांतता होती, तिथे बूट ऐकू आला. खिळ्यांचा, दगडी फरशीवर ताल धरणारा. सेननच्या घरात सगळीकडे मऊ लिनोलियम अंथरलेलं आहे.

बुटाच्या तालावर मर्टाचा तिसरा भाग. मग थांबणं.

मग दुसऱ्या कुणाचे पाइप्स. तोच भाग. वळणावर एक सूर उशिरा आला.

सेननने हा भाग हयातीत कधी वाजवला नव्हता.

ग्रानियाने माझा हात धरला. "बाबांना अजून बसला नाही," ती हळूच म्हणाली.

बूट थांबला. थोडी खरखर. मग मर्टाने तो भाग पहिल्यापासून घेतला, अगदी सावकाश.