गाडी झाली की सांगतो

तो पहिल्यांदा आमच्या गॅरेजमध्ये आला, तेव्हा त्याच्या हातात दात घासायचा ब्रश होता.

"ह्याने घासलं," तो म्हणाला. "मेटल पॉलिश लावून..."

मी गाडीत डोकावून पाहिलं. गाडी माझ्याहून वयाने मोठी, पण जपलेली. फक्त डॅशबोर्डच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी चंदेरी पट्टी मधोमध पांढरी फटक पडली होती.

"हे क्रोम नाहीये," मी म्हटलं. "क्रोमसारखं दिसणारं प्लास्टिक आहे. वर कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर असतो चमकीचा. तो तुम्ही घासून काढलात."

"सगळा?"

"नाही, कडेला थोडा उरलाय. तिथे ब्रश पोचला नसेल."

त्याचे कान लाल झाले. "मी डेंटिस्ट आहे हो. मळकट काही दिसलं की हात शिवशिवतात."

"पेशंटचे दात तरी उरतात का?"

"आजवर कुणी तक्रार केली नाही."

"बोलता येत नसेल बिचाऱ्यांना."

तो हसला. छान हसला, खरं तर. दात एका ओळीत होते, एवढं मी पाहून ठेवलं आणि पट्टीचे स्क्रू काढायला घेतले.

गाडी त्याच्या काकांची. नजर अधू झाल्यावर त्यांनी किल्ली पुतण्याच्या हातावर ठेवली होती. पुतण्याला दूरच्या एका शहरातून मोठ्या दवाखान्याचं बोलावणं आलेलं. ह्याच गाडीने तिकडे जायचं आणि तिकडेच राहायचं, असा बेत होता.

"कधी रुजू होताय म्हणून ते सारखे विचारतात," तो म्हणाला. "मी म्हटलं, गाडी झाली की सांगतो."

"आठवड्याभरात होईल," मी म्हटलं. कोण कुठे जातंय, ह्याच्याशी मला काय देणंघेणं?

आमच्याकडे इंजिन बाबांचं आणि गाडीच्या आतलं सगळं माझं. बाबा दिवसभर कुठल्या ना कुठल्या गाडीखाली असतात. तिथून त्यांचे फक्त पाय दिसतात, पण ऐकू त्यांना सगळं येतं.

दवाखाना बंद करून तो रोज संध्याकाळी यायला लागला. नुसतं बघायला... असं तो म्हणायचा. बाबांना "नमस्कार, मालक" करायचा आणि माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसायचा.

"हे काय? काळा रंग? मला चंदेरी हवंय!"

"आधी काळा, तोही आरशासारखा गुळगुळीत. त्यावर क्रोमचा हलका फवारा. खाली काळा नसेल, तर वर नुसता राखाडी पत्रा दिसतो."

"माणसांचंही असंच असतं का हो?"

"मला पट्ट्यांचं विचारा. माणसांतलं मला कळत नाही."

"मला वाटतं, कळतं..."

मी मास्क तोंडावर ओढला. मास्कचा हा एक फायदा असतो.

"काय गं," तो गेल्यावर बाबांचे पाय बोलले, "हा दातवाला रोज कसा येतो? आपल्याकडे कुणाची दाढ दुखतेय?"

"तुमची दुखत असेल तर दाखवून घ्या."

"माझ्या ठणठणीत आहेत. तू तुझं बघ."

क्रोमचा फवारा मारला त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता. दमट हवेत क्रोम पांढुरकं पडतं, म्हणून मी खिडक्या लावून हीटर सुरू ठेवला होता. फवारा मारल्यावर चार दिवस पट्टीला बोट लावायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. तशी पाटीही भिंतीवर आहे, माझ्या अक्षरात: 'हात लावू नये. मालकांनीसुद्धा.' मागे एकदा बाबांनी वाळलंय का ते बघितलं होतं, तेव्हापासूनची.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या नळावर स्प्रेगन धुऊन आत आले, तर पट्टीच्या बरोब्बर मधोमध एक अंगठा उमटलेला. अगदी रेषांसकट! आणि डॉक्टर शेजारी उभे.

"हात गेला," तो म्हणाला.

"असा कसा गेला? लोकांच्या तोंडात सुई घालता, तेव्हाही असाच जातो?"

"नाही... तेव्हा लक्ष कामात असतं."

"आणि इथे कुठे असतं?"

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी थिनरच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते आधीच लागलेलं होतं.

"पुन्हा काळ्यापासून करावं लागेल," मी म्हटलं. "अजून आठवडा जाईल."

"अरेरे!" तो म्हणाला. पण चेहरा असा, की जणू बक्षीस लागलंय. मला संताप आला. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या आठवड्यात तो हात खिशात घालून बसायचा. पण फवारा मारायची वेळ आली तेव्हा उठला, दिवा हातात घेतला आणि माझ्या खांद्यामागे उभा राहिला. दिवा कुठे हवा, हे त्याला सांगावं लागलं नाही. माझा हात सरकायच्या आधी उजेड तिथे पोचलेला असायचा. बाबांनासुद्धा हे कधी जमलं नाही. पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी पोचले, तेव्हा तो मला आवडतो हे मला कळलेलं होतं. पण असलं काही बोलायची मला सवयच नाही.

मग चार दिवस गेले. पट्टीला कुणी बोट लावलं नाही. मीच दोनदा तपासलं आणि ती स्वच्छ बघून माझंच मन खट्टू झालं.

शेवटच्या संध्याकाळी मी पट्टी गाडीत बसवली आणि वर पारदर्शक लॅकरचा शेवटचा हात मारला. तो बाजूच्या सीटवर बसला होता. चमक अशी आली होती, की पट्टीत आम्ही दोघंही दिसत होतो, थोडे लांबट.

"छान झालंय," तो म्हणाला.

"हं. रात्रभर वाळलं की न्या."

"म्हणजे... उद्या."

"उद्या."

त्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं. "तिकडच्या दवाखान्यातून आहे. काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"तेच विचारतोय. गाडी झाली का?"

झाली, असं म्हणायचं होतं. कामाच्या बाबतीत मी कधी खोटं बोलत नाही. फोन वाजत होता. मी उजव्या हाताचा मोजा काढला आणि पट्टीच्या मधोमध, ओल्या लॅकरवर, अंगठा दाबला. चांगला दाबून धरला.

तो अंगठ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"हात गेला," मी म्हटलं.

त्याने फोन कानाला लावला. "नमस्कार... नाही हो, गाडी अजून झाली नाही. किती दिवस? थांबा हं, विचारतो." फोनवर हात ठेवून त्याने हळूच विचारलं, "किती दिवस?"

"पुन्हा काळ्यापासून. आणि माझ्या हाताचा आता काही भरवसा नाही."

"ऐका," तो फोनमध्ये म्हणाला, "तुम्ही दुसरा डॉक्टर बघा. मी इथेच राहतोय."

त्याने फोन ठेवला आणि माझ्या अंगठ्याच्या ठशाशेजारी आपला अंगठा टेकवला. पट्टीचं पार वाटोळं झालं.

"काय रे," पलीकडच्या गाडीखालून आवाज आला, "झाली का एकदाची ती गाडी?"

इतके दिवस तो त्यांना मालक म्हणत होता.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "होऊ दे सावकाश."