मामा, हलू नका

हृदयाच्या स्कॅनच्या खोलीत रोजचा पहिला नंबर मामांचा. मामा म्हणजे प्लास्टिकची एक छाती. डोकं नाही, हात नाहीत. आत पाणी, आणि हृदयाच्या जागी जाड भिंतीची एक पोकळ वाटी. त्यात थोडं किरणोत्सारी द्रव्य भरायचं, मामांना टेबलावर पट्ट्यांनी बांधायचं आणि मशीन कालच्यासारखंच मोजतंय ना ते बघायचं. तंत्रज्ञ थट्टेखोर होता. पट्टा आवळताना न चुकता म्हणायचा, "मामा, हलू नका."

मोजमाप मॅडमला ही थट्टा आवडायची नाही. हे नाव तिला हॉस्पिटलनं दिलं होतं, आणि उगाच दिलं नव्हतं. ही बाई घरातली तसबीरसुद्धा फूटपट्टी लावून टांगायची.

आणि आता तिचंच माप जुळेना, तेही स्वतःच्या वडिलांचं. बाबांच्या हृदयाला रक्त किती पोचतं ते दोनदा स्कॅन करून मोजलं. पहिल्यांदा आलं की डावीकडचा एक भाग उपाशी आहे, छाती उघडावी लागेल. दुसऱ्यांदा आलं, सगळं ठणठणीत. सर्जन म्हणाले, "एक काय ते नक्की सांगा. या वयात उगाच कापाकापी नको, आणि गरज असेल तर उशीरही नको." तिचा जीव टांगणीला लागला.

चूक कुठे होते ते तिला ठाऊक होतं. स्कॅनसाठी हृदयावर ताण आणणारं औषध दिलं की माणूस धापा टाकतो, हृदय खाली ओढलं जातं आणि श्वास निवळेल तसं हळूहळू वर सरकतं. कॉम्प्युटरनं हृदयाच्या भिंतीभोवती मारलेली रेघ मात्र जागची हलत नाही, मग तो भिंत सोडून भलतंच मोजत बसतो. एकेक चित्र सरकवून रेघेवर आणणं हेच तिचं काम. पण सुरुवातीची चित्रं म्हणजे नुसतं धुकं. किती सरकवायचं ते ज्याच्या त्याच्या नजरेवर, आणि बाबांच्या बाबतीत तिला स्वतःच्या नजरेचा भरवसा नव्हता. तिला ठणठणीतच दिसणार होतं ना.

मशीनवर शंका राहू नये म्हणून बाबांच्या पहिल्या स्कॅनपासूनच प्रत्येक पेशंटनंतर ती मामांना झोपवत होती. ती चित्रं तिनं आता उघडली.

मामांचं हृदय सरकत होतं. आधी खाली, मग सावकाश वर.

"पट्टा ढिला राहिला का रे?"

"मॅडम, मी स्वतः आवळलाय. प्लास्टिक कुठे जाणार पळून?"

पुढच्या पेशंट आजींना खोकला होता. स्कॅन चालू असताना ढास लागली आणि त्या टेबलावर गदगदल्या. त्यांच्यानंतर मामा झोपले, आणि त्यांच्या चित्रांतही बरोबर तेवढ्याच मिनिटाला एक धक्का होता. तंत्रज्ञ आत जाऊन सगळे पट्टे पुन्हा ओढून बघून आला.

पटत नव्हतं, पण मोजायला काय हरकत होती? बाबांच्या दोन्ही स्कॅननंतर मामा जेवढे सरकले होते, तेवढीच बाबांची चित्रं तिनं मागे नेली. दोन्ही मोजण्या एकावर एक येऊन बसल्या. उपाशी भाग कुठेच नव्हता.

असल्या पुराव्यावर सर्जनकडे जाण्याइतकी ती भाबडी नव्हती. तिनं बाबांना तिसऱ्यांदा आणलं. टेबलाशी उभी राहून त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "बाबा, आज अजिबात हलायचं नाही हं."

"लहानपणी तू कधी बसलीस एका जागी?" बाबा म्हणाले, आणि दगडासारखे पडून राहिले. चित्रं सरकवावीच लागली नाहीत. आकडा तोच आला.

सर्जन म्हणाले, "गोळ्यांवर भागेल." तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर बाकावर बसून ती बाबांसमोरच रडली, आणि बाबा तिलाच पाणी पाजत राहिले.

बाबा घरी गेल्यावर मामांची पाळी आली.

वाटीच्या डाव्या भिंतीवर एक काळा डाग होता. पहिल्या स्कॅनमध्ये बाबांचा उपाशी भाग दिसला होता, अगदी तिथेच.

"हवेचा बुडबुडा असेल," ती म्हणाली. तंत्रज्ञानं हातमोजे चढवून मामांची झाकणं उघडली आणि पाणी सोडलं. धारेखालचा हात त्यानं पटकन मागे घेतला.

"कोमट आहे, मॅडम."

खोलीतला एसी अंग गारठवत होता.

मामांना नव्यानं भरलं, पट्टे आवळले. डाग तिथेच होता. आणि हृदय खाली-वर होत होतं, धाप लागलेल्या माणसासारखं. बाबांनंतर त्या टेबलावर दुसरं कोणीच झोपलं नव्हतं, आणि बाबांचं हृदय तर जागचं हललं नव्हतं.

ती आत गेली. प्लास्टिकवर तळवा ठेवला. बाबांच्या कपाळावर ठेवला होता तसाच.

"मामा," ती हळूच म्हणाली, "झालं हं आता. हलू नका."

काचेपलीकडून तंत्रज्ञाचा आवाज आला.

"थांबलं, मॅडम."