घंटी नको, कॅमेरा द्या

मोबाइल खिशात टाका रे, नाही तर सरळ घरी जा. अर्धं ऐकता आणि मग रात्री मलाच फोन करून पुढं काय झालं विचारता. गोष्ट किसनरावांची आहे. अचलपूरकडचे संत्र्याचे बागायतदार, माझ्या उठण्याबसण्यातला माणूस. त्यांनी ती स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

किसनरावांना घोड्यांचा भारी शौक. बागेतल्या घरामागं तबेला, तबेल्यात केतकी नावाची घोडी. गेल्या महाशिवरात्रीच्या आधी ती व्यायला आली होती. घोडी बहुतेक रात्रीच विते, आणि माणूस समोर ठाण मांडून बसला तर कळा दाबून धरते. म्हणून लांबून लक्ष ठेवायचं यंत्र घ्यायला किसनराव बसनं अकोल्याला गेले, जठारपेठेत. जवळच्या परतवाड्यात काय दुकानं नव्हती? होती. पण तिथं त्यांच्या आधीच्या घोडीचं, मैनेचं मरण सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकानदार कुलदीप जाणता पोरगा. त्यानं आधी एक डबी काढली.

"हे घ्या काका. घोडीच्या तोंडावरच्या म्होरकीले बांधाची. घोडी आडवी झाली का तुमच्या उशाशी घंटी वाजते."

"घंटी नाही पायजे. कॅमेरा दे."

"काहून? कॅमेरा तुमाले उठवत नाही. तुमालेच रातभर पाहत बसा लागन. अन् नेट गेलं का चित्र तिथंच अटकते."

"सांगतलं ना, घंटी नको. कॅमेरा दे!"

कुलदीपनं खांदे उडवले आणि कॅमेरा बांधून दिला.

घंटी का नको, ते ऐका. आदल्या वर्षी किसनरावांनी तसलीच डबी आणली होती, मैनेसाठी. मैना म्हणजे केतकीची थोरली बहीण. यंत्र आलं म्हणून चंद्रभानला तबेल्यातून काढलं आणि बागेच्या राखणीवर झोपायला लावलं. हा चंद्रभान त्यांचा मोतद्दार, वीस वर्षं घोड्यांच्या पायाशी झोपलेला. त्या रात्री घंटी तीनदा वाजली. मैना नुसती लोळत असेल म्हणून किसनराव वैतागले, सेल काढून फेकले आणि पांघरूण ओढलं. मैनेचं कण्हणं बागेत चंद्रभानलाच ऐकू आलं. तो धावत आला, दार बडवलं. "मालक, घोडी अडली. डॉक्टरले फोन लावा!" किसनराव जागे होते. उठले नाहीत.

सकाळी मैना आणि शिंगरू दोन्ही गेलेली. चार लोक जमले. तेव्हा या माणसानं काय केलं? चंद्रभानकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, दारू ढोसून पडला होता. अरे, महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला माणूस तो, दारूला कधी शिवला नव्हता! पण विती घोडी सोडून झोपला म्हटल्यावर त्याला पुन्हा कोण तबेल्यात घेणार? रिद्धपूरला बहिणीकडे जाऊन राहिला आणि त्याच थंडीत वारला. मला अजून राग येतो.

तेव्हापासून किसनराव अंधार पडल्यावर तबेल्यात पाऊल टाकत नसत.

तर महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाची रात्र. अमावास्या. त्यांची बायको केशरबाई अमरावतीला लेकीकडे. संध्याकाळी केतकीच्या थानांवर मेणासारखे थेंब धरले होते, म्हणजे आज नाही तर उद्या. किसनरावांनी दाराला आतून कडी घातली, मोबाइल उशीला टेकवला आणि पाहत बसले. घोडी उभी होती, मान खाली, निवांत. बाराला पाहिलं, उभी. एकला चहा केला. उभी.

अडीच वाजता दार वाजलं.

"मालक..."

किसनरावांचा हात पांघरुणावर तसाच राहिला.

"मालक, घोडी अडली. डॉक्टरले फोन लावा."

काय रे अश्विन? कोण होतं म्हणतोस? तू असतास तर पलंगाखाली शिरला असतास. गप्प ऐक.

आवाज चंद्रभानचा होता. शब्दही तेच. किसनरावांनी मोबाइल पाहिला. घोडी उभी. तबेल्यात कुणी नाही.

"घोडी बरी हाये," ते पुटपुटले. "घोडी बरी हाये."

दार पुन्हा वाजलं. दोन्ही हातांनी. कडी उडत होती.

"मालक, दार उघडा... तिचा जीव चालला..."

भीती वाटली, ती खरीच. कुणालाही वाटेल. पण मला विचाराल तर त्या भीतीखाली जुनी सवयच होती. दार वाजतंय, वाजू दे.

किसनरावांनी कानांवर उशी दाबली.

मग ठोकणं थांबलं.

बराच वेळ काही नाही...

मग दाराच्या फटीतून आवाज आला. अगदी जवळून. शांत.

"बरं मालक. यावर्षीबी झोपा."

त्यानंतर रातकिडासुद्धा नाही.

किसनरावांनी मोबाइल तोंडाशी धरला. घोडी उभी. नीट पाहिलं. कान हलत नव्हता. शेपटी हलत नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती. एक वाजून आठ मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत आले होते.

कडी काढली. दारात कुणी नाही. दार सताड उघडं टाकून, चपला अडकवून ते धावले. पडले. उठून पुन्हा धावले.

केतकी आडवी पडली होती. शिंगरू अर्धं बाहेर. अंग अजून कोमट...

डॉक्टर पहाटे आला. म्हणाला, अर्धा तास आधी कळवलं असतं तर दोन्ही वाचली असती. या वेळी बोट दाखवायला कुणी नव्हतं.

उजाडल्यावर किसनराव घराकडे वळले. उंबऱ्यापाशी थबकले. आत पांढऱ्या फरशीवर पावलं उमटली होती. अनवाणी, माणसाची. विण्याच्या पाण्यानं ओली, वाळत आलेली. तबेल्याकडून आली होती, उघड्या दारातून आत गेली होती, थेट पलंगापर्यंत.

बाहेर आलेलं एकही पाऊल नव्हतं.