दोन हात विरुद्ध एक

"काकांना फोन लावायचा... हात वर!" असं म्हणत रुचिरानं रश्श्यानं माखलेला हात वर केला मात्र, ज्ञानेशच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खबरदार! या घरात हात वर करून काहीही ठरणार नाही!"

सौदीतल्या दम्माममधल्या त्या छोट्याशा घरात शुक्रवारच्या सुट्टीचं जेवण तिथंच थिजलं. किशोरी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, पोर आहे ती! तिकडे भावजींचं काय झालंय कोण जाणे... आणि तुमच्या मनातली अढी काही जात नाही! त्यांच्या निवृत्तीच्या मिरवणुकीलासुद्धा नाही म्हणालात!"

"रजा मिळत नाही," ज्ञानेश पुटपुटला. रजा त्यानं मागितलीच नव्हती.

भावजी म्हणजे समाधान, ज्ञानेशचा पाठचा भाऊ, फौजेतला सुभेदार. समुद्रापारच्या एका चिमुकल्या देशातल्या जवानांना शिकवायला भारतानं जे पथक पाठवलं होतं, त्यात तो होता. आणि त्या देशाचा अध्यक्ष संसदेत विश्वासदर्शक ठराव हरला होता! खुर्ची सोडायची सोडून या बाबानं फौजेलाच हुकूम दिला, संसदेला कुलूप ठोका, खासदारांना उचला! आता फौज कुणाचं ऐकणार, अध्यक्षाचं की संसदेचं, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि कालपासून समाधानचा फोन लागत नव्हता.

ज्ञानेशला काळजी नव्हती असं नाही हो! पण त्या काळजीच्या तळाशी एक काळंकुट्ट काहीतरी वळवळत होतं... समाधाननं शिकवलेली पोरं बेइमान निघू देत, एकदा, एकदा तरी त्याचं नाक कापलं जाऊ दे! आणि असा विचार मनात आला म्हणून त्याला स्वतःचीच किळस येत होती.

काय करील बिचारा! त्यांचं साताऱ्याकडचं गाव फौजींचं. वडील, तात्या, स्वतः सुभेदार. घरातला प्रत्येक निर्णय जेवणाच्या पंगतीत हात वर करून व्हायचा. तात्या स्वतः हात वर करायचे नाहीत, फक्त मोजायचे, आणि ठरेल ते सगळ्यांनी मानायचं. भरतीत दोघंही भाऊ पास झाले, आणि तात्यांना अर्धांगवायू झाला. एकानं सौदीला जाऊन उपचारांच्या पैशांचं बघायला हवं होतं. फौजेत कोण? आईचा हात धाकट्यासाठी वर गेला, आणि समाधानचा... स्वतःसाठी! ज्ञानेशचा एकटा हात हवेत राहिला. "दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर," तात्या अडखळत म्हणाले. ज्ञानेशनं ब्र काढला नाही, बॅग उचलली.

तेव्हापासून तो वर्दीतल्या भावाचे फोटो पाहत जळत आला होता. इथल्या मराठी मंडळात लोक त्याची ओळख 'सुभेदारांचे भाऊ' अशी करून देत, आणि प्रत्येक वेळी त्याच्या काळजात कळ उठे. तात्यांचा हुद्दा, तात्यांचा मान, सगळं त्या एका हातानं नेलं होतं!

"बाबा! लुक!" रुचिरा किंचाळली.

टीव्हीवर संसदेचं फाटक दिसत होतं. फौज उभी होती, पण संसदेकडे पाठ करून, तिच्या राखणीला! खासदार आत चालले होते. एक तरणा कॅप्टन बातमीदाराशी इंग्रजीत बोलत होता, आणि रुचिरा आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागली, "तो बोलतो, आमच्या हिंदुस्थानी उस्तादांनी आम्हाला एका घराची स्टोरी सांगितली होती. मोठा भाऊ सगळ्यांत ताकदवान. एका हातानं हरला. त्यानं मनात आणलं असतं तर घर मोडलं असतं, कोण रोखणार होतं? पण त्यानं ठराव मानला आणि बॅग उचलली. उस्ताद बोलले, शिपाई असा असतो. मग आम्ही पण ठराव मानला..."

ज्ञानेशनं हातातला घास ताटात परत ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या पडद्यावर दाढी वाढलेला, थकलेला समाधान होता.

"दादा, मी ठीक आहे रे..."

"माझी गोष्ट सांगतोस होय त्यांना?" ज्ञानेशचा आवाज चिरकला.

"मग कुणाची सांगू? फौजेत मी आलो दादा, पण शिपाई तूच होतास! त्या दिवशी मी हात वर केला ना, त्याची लाज अजून वाटते मला. किती वेळा माफी मागावीशी वाटली... तू फोनच घेत नव्हतास!"

"अरे, मी इथं बसून तुझं वाईट चिंतत होतो समाधान! आजसुद्धा!" ज्ञानेश हुंदके देत म्हणाला.

"चिंतलंस तर चिंतलंस. दादाच आहेस माझा." समाधानही रडत होता. "तात्या आज नाहीत, पण मिरवणुकीच्या जीपमध्ये त्यांची जागा मोकळी ठेवायला सांगितलीय. बसशील?"

ज्ञानेशनं किशोरीकडे पाहिलं, रुचिराकडे पाहिलं, आणि उष्टा हात हळूच वर केला. मायलेकींचे हात लगोलग वर गेले. तिकडे पडद्यावर समाधाननंही हात वर केला.

"या वेळी तुझ्यासाठी, दादा."

रुचिरानं मोजलं. "फोर! विरुद्ध कोणीच नाही. बाबा, आता काय बोलायचं असतं?"

"ठराव मंजूर," ज्ञानेश म्हणाला, तात्यांसारखाच अडखळत.